हजेरीपटावर नसलेली मुले

स्मरणिका काढायची ठरली की शाळा आपल्या यशाचा हिशेब मांडते. किती विद्यार्थी शिकले, किती शिक्षक झाले, कोण डॉक्टर झाले, कोण सरकारी सेवेत वरच्या पदावर पोहोचले, यांच्या याद्या तयार होतात. या अंकातही तशा याद्या आहेत आणि त्या असायलाच हव्यात. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या उंबऱ्याआत येऊ दिले गेले नाही, त्यांच्या नातवंडांची पदवी ही केवळ एका घराची मिळकत नसते. ती समाजाच्या इतिहासातील नोंद असते. त्या नोंदीचा अभिमान आम्हालाही आहे.

पण याच अंकासाठी जुन्या प्रवेश-नोंदवह्या चाळताना एक गोष्ट मनाला लागून राहिली. नोंदवहीत दाखल झालेल्या मुलांची नावे असतात. दारातून परत गेलेल्यांची नावे कोणत्याही वहीत सापडत नाहीत. पोलिओने पाय अधू झालेले काही विद्यार्थी वगळले, तर अपंगत्व असलेले मूल आपल्या नोंदवहीत जवळजवळ नाहीच. कळमनुरी तालुक्यातील गावांत अशी मुले जन्मतच नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. मग ती गेली कुठे?

त्यांतल्या एकाला परत पाठविताना आम्ही स्वतः तेथे हजर होतो. प्रवेशाचे दिवस होते. इसापूर धरणाच्या बाजूच्या एका गावातून एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलगा दहा-अकरा वर्षांचा, गावच्या शाळेतून चौथी उत्तीर्ण झालेला. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने त्याचे हातपाय ताठ राहत, चालताना तोल जाई, बोलणे अडखळत येई. आमच्यातील एकाने सहज तेराचा पाढा विचारला. त्याने वेळ घेतला, पण पाढा शेवटपर्यंत बिनचूक म्हटला. "सर, ह्येला समदं कळतंय, हातच तेवढे ऐकत न्हाईत," आई म्हणाल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिले. झोपण्याची खोली वरच्या मजल्यावर, शौचालय अंगणापलीकडे, सकाळची आंघोळ, जेवणाची पंगत. हे सारे कोण सांभाळणार? शेवटी आम्ही म्हणालो, "बाई, आपल्याकडे याची सोय नाही. अशा मुलांची वेगळी शाळा असते, तिकडे चौकशी करा." त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला, कप विसळून जागेवर ठेवला आणि मुलाचा हात धरून त्या निघून गेल्या.

पाच-सहा वर्षांनी आखाडा बाळापूरच्या बाजारात तो मुलगा आम्हाला दिसला. भाजीच्या एका दुकानामागे पोत्यावर बसून तो गिऱ्हाइकांचा हिशेब तोंडी सांगत होता आणि शेजारी बसलेली बहीण पैसे घेत होती. तो कोणत्याही शाळेत गेला नव्हता. त्याने आम्हाला ओळखले आणि अडखळत "जयभीम, सर" म्हणाला.

त्या दिवसापासून 'सोय नाही' हे दोन शब्द आम्हाला स्वस्थ बसू देत नाहीत. कारण हे शब्द आपल्या समाजाला नवे नाहीत. हेच शब्द ऐकून आपल्या मागच्या पिढ्या शाळेच्या दारातून परत गेल्या. साताऱ्याच्या शाळेत बालवयातील बाबासाहेबांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपाई वरून पाणी घाली तेव्हाच पिता येई. शिपाई नसला की पाणी नाही. ही कथा आपण दर जयंतीला सांगतो. पण आज आपल्याच परिसरात अशी मुलगी आहे, जी शाळेत जाते आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. तिच्या पायांत बळ नाही, शौचालयाला तीन पायऱ्या आहेत आणि धरून नेणारे कोणी नाही, म्हणून ती तहान मारते. तिला पाण्यापासून कोणी अडवलेले नाही. तरी तिचा दिवस पाण्याविनाच जातो. बाबासाहेबांची तहान आपल्याला अन्याय वाटते आणि या मुलीची तहान मात्र तिचे दुर्दैव वाटते. असे का?

याचे एक उत्तर आपल्या मनात खोल रुतून बसलेल्या एका कल्पनेत आहे. अपंग मूल जन्मले की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, गेल्या जन्मीचे पाप. धम्मदीक्षा घेऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, तरी हे वाक्य बौद्ध घरांतूनही ऐकू येते. ते सर्वांत आधी आईच्या माथी मारले जाते. मग ती मुलाला लपविते, लग्नकार्याला नेत नाही, शाळेचे नाव काढत नाही.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची कठोर चिकित्सा केली आहे. जो आत्मा मानत नाही त्याच्या तत्त्वज्ञानात एका देहातून दुसऱ्या देहात जाणारे पाप बसत नाही, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. माणसाच्या दुःस्थितीचे खापर त्याच्याच मागच्या जन्मावर फोडले, की राज्य आणि समाज आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात. या सिद्धान्ताचा दुसरा कोणताही उपयोग त्यांना दिसला नाही. बाबासाहेबांनी हे गोरगरीब, दलितांच्या संदर्भात मांडले. अपंग मुलाच्या संदर्भात ते तितकेच खरे आहे. पाप मुलाचे ठरले की शौचालयाच्या तीन पायऱ्या कोणाच्याच डोळ्यांवर येत नाहीत.

पाली वाङ्मयातही याचा आधार आहे. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्माचे फळ आहे काय. तथागतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल, अपघात अशी अनेक कारणे सांगितली आणि सारे काही पूर्वकर्मामुळेच घडते असे म्हणणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाला सोडून बोलतात, असे स्पष्ट केले. दुःखाचे कारण शोधावे आणि कारण सापडले की उपाय करावा, ही बुद्धाची रीत आहे.

आमच्या पिढीने याचा पुरावा डोळ्यांनी पाहिला. आमच्या लहानपणी गावागावांत पोलिओने लुळे पडलेले एखादे तरी मूल असे आणि त्याच्या मागच्या जन्माची चर्चा पारावर होई. १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला. मागच्या जन्मीचे पाप लसीच्या दोन थेंबांनी धुतले जात नसते. ते पाप नव्हतेच, तो विषाणू होता. आजही अनेक अपंगत्वांची कारणे आपल्या आवाक्यातली आहेत: प्रसूतीत झालेला उशीर, नवजात बाळाची दुर्लक्षिलेली कावीळ, गरोदरपणात आईला झालेला रुबेला. मराठवाड्यात अजून चालत आलेली मामा-भाचीची आणि आते-मामे भावंडांची लग्ने हेही जन्मजात बहिरेपणासारख्या काही दोषांचे एक कारण आहे. हे कटू वाटले तरी शिक्षकाने सांगितलेच पाहिजे.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून येथे एक कबुलीही दिली पाहिजे. आपल्या परंपरेत सारेच उजळ नाही. विनयपिटकातील महावग्गात आंधळे, बहिरे, मुके, लंगडे अशांना प्रव्रज्या देऊ नये असे नियम नोंदलेले आहेत. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेवरील अट्ठकथेत चक्खुपाल थेरांच्या अंधत्वाचे मूळ त्यांच्या मागच्या जन्मातील दुष्कृत्यात दाखविले आहे. हे लपवून ठेवणे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभणार नाही. ग्रंथातील वचन बुद्धीला आणि करुणेला पटते का, हे तपासून घेण्याची शिकवण आपल्याला त्याच परंपरेने दिली आहे.

त्याच अट्ठकथेत चूळपंथकाची कथा आहे. चूळपंथक हा संथ बुद्धीचा भिक्खू. चार महिने खपूनही त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा वडील भाऊ महापंथक विद्वान होता. त्याने धाकट्याला विहार सोडून जायला सांगितले. जीवकाने भिक्खुसंघाला भोजनाचे आमंत्रण दिले, तेव्हा महापंथकाने भिक्खूंच्या गणतीत धाकट्या भावाला धरलेच नाही. रडत दाराशी उभ्या असलेल्या चूळपंथकाला तथागतांनी बोलावून घेतले. त्याला गाथा दिली नाही. एक स्वच्छ कापडाचा तुकडा दिला आणि तो हाताने चोळत राहायला सांगितले. चोळता चोळता कापड मळले आणि अनित्यतेचा जो अर्थ गाथेतून कळत नव्हता, तो त्याला हातातून कळला. तिकडे जीवकाच्या घरी अन्न वाढायला सुरुवात झाली, तेव्हा तथागतांनी भिक्षापात्रावर हात ठेवला. विहारात एक भिक्खू राहिला आहे, त्याला आणल्यावाचून भोजन सुरू झाले नाही.

अध्यापनशास्त्राची जाडजूड पुस्तके जे सांगतात ते या कथेत आहे. शिकणारा मंद नव्हता, शिकविण्याची पद्धत त्याच्या जोगी नव्हती. पद्धत बदलताच तो शिकला. आणि गणतीतून वगळलेला एक जण येईपर्यंत गुरूने पात्रावरचा हात काढला नाही. त्या जून महिन्यात आम्ही महापंथकाच्या जागी होतो.

आता 'सोय' या शब्दाकडे वळू. आपल्या देशात अपंग मुलांच्या शाळा दीडशे वर्षांच्या आतल्या आहेत आणि त्यांतल्या पहिल्या अनेक आपल्या महाराष्ट्रातच निघाल्या. कर्णबधिर मुलांची शाळा मुंबईत १८८५ च्या सुमारास निघाली. छप्पनच्या दुष्काळाच्या दिवसांत, १९०० साली, अ‍ॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जय वकील यांनी १९४४ साली, तर मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईतच काम उभे केले. या शेवटच्या दोघी माता होत्या. स्वतःच्या मुलीला शाळा मिळेना, म्हणून त्यांनी शाळा काढली. त्यांच्या कर्तृत्वापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण इतिहास आपल्याला हेही विचारतो की, ज्या आईजवळ जागा नाही, पैसा नाही, ओळखी नाहीत, तिने काय करायचे? उसाच्या तोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी कळमनुरीची माता शाळा काढू शकत नाही. ती फक्त शाळेच्या दारात येऊ शकते. म्हणून तिच्यासाठी हा प्रश्न दानशूरांच्या दयेवर सोडता येत नाही. तो हक्काचाच असावा लागतो.

हा हक्क मिळायला फार वेळ लागला. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात अपंगत्वाच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळविण्याचा उल्लेख आहे, परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेने बांधलेला आहे. भेदभाव करू नये अशी जी कारणे १५ व्या अनुच्छेदात नावानिशी सांगितली, त्यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, अपंगत्व नाही. पहिला व्यापक कायदा १९९५ साली झाला. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यात २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलांचा वंचित गटात स्पष्ट समावेश झाला आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. त्यानंतर आला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता दाखल करून घ्यावे, इमारत त्याला वापरता येईल अशी ठेवावी आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी, असे कलम १६ सांगते.

म्हणजे 'सोय नाही' हे नकाराचे कारण उरलेले नाही. सोय नसेल तर ती करणे हेच शाळेचे कर्तव्य आहे. आणि हे तत्त्व आपल्याला तरी परके वाटू नये. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, ते कशासाठी? शाळेचे दार कागदोपत्री उघडले तरी गावाहून येणारे गरीब मूल राहणार कुठे, खाणार काय, हा प्रश्न होता. वसतिगृह ही त्या मुलांवर केलेली मेहेरबानी नव्हती. त्यावाचून समान संधीला अर्थच नव्हता. आपले निवासी विद्यालय त्याच विचाराचे फळ आहे. आपण स्वतः एका 'वाजवी सोयी'तून घडलो. मग दुसऱ्याची सोय आपल्याला जादा खर्च का वाटावी? आरक्षणावर कोणी बोट ठेवले की आपण पेटून उठतो. उच्च शिक्षणातील दिव्यांगांच्या ५ टक्के आणि शासकीय नोकरीतील ४ टक्के राखीव जागांविषयी मात्र आपल्यातही कुजबुज ऐकू येते, याची आम्हाला लाज वाटते.

शब्दाविषयीही थोडे. अलीकडे 'अपंग' हा शब्द टाळून 'दिव्यांग' म्हणतात. त्यामागचा हेतू चांगला असेल. पण 'हरिजन' या गोड नावाचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. १९३८ साली मुंबई विधिमंडळात त्या शब्दाच्या निषेधार्थ बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले होते. नाव दिव्य झाले आणि शौचालयाच्या पायऱ्या तशाच राहिल्या, तर त्या नावाने मुलीची तहान भागत नाही.

आता कुटुंबाकडे पाहू, कारण अपंगत्व एकट्या मुलाचे राहत नाही, ते घरभर पसरते. पहिली खेप प्रमाणपत्राची. त्याशिवाय वैश्विक ओळखपत्र नाही, एसटीची ७५ टक्के सवलत नाही, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. एकीकडे डॉक्टर त्या वारी नसतात, दुसरीकडे आधारकार्डावरील नावात काना कमी असतो. आमच्या माहितीतील एका आईने या कामासाठी चार खेपा केल्या आणि पाचव्या वेळी नाद सोडला. पुढे तोडीचा हंगाम आला की मुलाला कोणाजवळ ठेवायचे, हा प्रश्न. बहुतेक घरांत याचे उत्तर एकच असते: थोरली बहीण शाळा सोडते. एका मुलाला दाखल न करून आपण अनेकदा दोघांचे शिक्षण थांबवितो. बाजारात पैसे घेणारी ती बहीण आम्हाला आठवते, तेव्हा दोष दुप्पट वाटतो.

आणि प्रत्येक आईच्या ओठांवर शेवटचा प्रश्न असतो: माझ्यामागे याचे काय? अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी शंभराहून अधिक बेवारस अपंग मुलांना आपले नाव दिले. वयाची १८ वर्षे पूर्ण होताच बालगृहातून बाहेर पडावे लागते, हा नियम अशा मुलांना लावू नये, म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांच्याकडे वाढलेली एक अंध मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. टाकून दिलेले मूल जर इतके करू शकते, तर आई-बापांनी खांद्यावर घेऊन दारापर्यंत आणलेल्या मुलाकडून आपण एवढी कमी अपेक्षा का ठेवावी?

आमच्या सहकाऱ्यांच्या शंका आम्हाला ठाऊक आहेत आणि त्या खोट्या नाहीत. पन्नास मुलांच्या वर्गात एका मुलाकडे वेगळे लक्ष कसे द्यायचे? प्रशिक्षण नाही, मदतनीस नाही. नुसते वर्गात बसवून ठेवणे म्हणजे शिक्षण नव्हे, हे आम्हालाही मान्य आहे. काही मुलांना विशेष शाळाच मानवते. कर्णबधिर मुलाला सांकेतिक भाषा आणि ती बोलणारे सवंगडी लागतात. ते आपण आज देऊ शकत नाही. म्हणूनच कायद्याने निवड मुलावर आणि पालकांवर सोपविली आहे. आक्षेप आहे तो त्यांच्या वतीने आपणच पहिल्या भेटीत निवड करून टाकण्याला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले: पाचवीपर्यंत अशा १० मुलांमागे एक आणि पुढे १५ मुलांमागे एक. महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि २०२४ साली केंद्र स्तरावर विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. हे शिक्षक आपल्या शाळेपर्यंत यावेत म्हणून आपण मागणी करायची की नाही? ज्या शाळेत असे एकही मूल दाखल नाही, त्या शाळेला मागणी करण्याचा आधारच उरत नाही. मूल आधी यावे लागते. सोय त्याच्या मागोमाग येते. आपल्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास याच क्रमाने घडला आहे.

म्हणून संस्थेपुढे, माजी विद्यार्थ्यांपुढे आणि समाजबांधवांपुढे आम्ही काही गोष्टी ठेवतो. कोणत्याही मुलाला पहिल्याच भेटीत नकार देऊ नये. त्याला आठ दिवस शाळेत राहून पाहू द्यावे. मग शिक्षक, आई-वडील आणि मूल यांनी मिळून ठरवावे. नवे सभागृह बांधण्याआधी तळमजल्यावर झोपण्याची एक खोली आणि तिला लागून आधाराचे दांडे असलेले, पायरी नसलेले शौचालय बांधावे. दर्शनी भागात उतार बांधून तपासणी पार पडते. शौचालयात पायरी राहिली तर मुलगी तहानलेलीच राहते. दोन शिक्षकांनी विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण घ्यावे; वयाची पन्नाशी ओलांडली असली तरी त्यांतील एक नाव आमचे लिहून घ्यावे. दहावीच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, त्याचा अर्ज वेळेत जावा.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी भिंतीवर नाव कोरण्याऐवजी एका मदतनीसाच्या मानधनाचा भार उचलावा. जयंतीच्या वर्गणीतून ध्वनियंत्रणेवर जो खर्च होतो, त्यातील एक हिस्सा या कामाला द्यावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करावयाचा असतो. ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशेब विचारावा. आणि दर पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात अशा मुलांच्या पालकांसाठी एक तास राखून ठेवावा. एक शिकलेला तरुण अर्ज भरून देईल, दोन माता एकमेकींना आपला अनुभव सांगतील. मागच्या जन्माचे ओझे उतरविण्याला विहाराइतकी योग्य जागा दुसरी नाही.

२०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या. त्यांतील सुमारे २९ लाख ६३ हजार आपल्या महाराष्ट्रातल्या होत्या. देशभरातील या व्यक्तींपैकी निम्म्याहून थोडे अधिकच लोक साक्षर होते. हे आकडे मोठे आहेत, पण आमच्या डोळ्यांपुढे त्यांतला एकच मुलगा उभा राहतो. तो आता शाळेच्या वयाचा राहिलेला नाही. त्याला आम्ही जे नाकारले ते परत देता येणार नाही. मुक्त विद्यालयातून दहावीला बसण्याविषयी त्याच्याशी बोलायला आम्ही परवा त्याच्या गावी गेलो होतो. आई घरी होत्या. त्यांनी आम्हाला बसायला दिले, चहा दिला. त्यांनी आम्हाला काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते. मुलगा म्हणाला, "बघू, सर." त्याच्या या उत्तराचा आम्हाला राग आला नाही. विश्वास एकदा मोडला की तो जुळायला वेळ लागतो.

येत्या जूनमध्ये पुन्हा प्रवेश सुरू होतील. पुन्हा कोणी आई मुलाचा हात धरून दारात येईल. त्या दिवशी प्रवेशाच्या टेबलाशी आम्ही बसणार आहोत, आणि या अंकाचे वाचक असलेल्या आपल्यापैकी कोणाच्या गावात, भावकीत, शेजारात असे मूल असेल, तर त्याच्या आईला आमच्याकडे पाठवावे.

नमो बुद्धाय. जयभीम.